मानपत्रातलं एक वाक्य

मार्च लागला की कर्जतच्या आसपासच्या शिवारात राब भाजायला सुरुवात होते. पावसाळ्यात भाताचं रोप जिथं टाकायचं, त्या तुकड्यावर वाळका पाला, टहाळ्या, शेणाचा चुरा पसरायचा, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि वारा बघून पेटवून द्यायचं. त्याचा धूर उंच जात नाही. जमिनीलगत सरपटत तो भिसेगावातल्या माझ्या गॅलरीपर्यंत येतो आणि दोरीवरच्या कपड्यांत मुक्काम करतो. याच दिवसांत समोरच्या रस्त्यानं दहावीची मुलं परीक्षेला जातात. हातात पारदर्शक पाकीट, कपाळाला अंगारा, मागून पाण्याची बाटली घेऊन धावणारी आई. धूर आणि परीक्षा माझ्या डोक्यात एकमेकांत इतके मिसळलेत की एकाचा वास आला तरी दुसऱ्याची घंटा ऐकू येते.

त्यात सकाळी फोन वाजतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ग्रुप काढलाय. त्यावर किरण रोज ‘आजचा वाक्प्रचार’ पाठवतो. उगवता सूर्य, दोन गुलाब आणि मधोमध ‘टू बर्न द मिडनाइट ऑइल’, म्हणजे रात्री जागून अभ्यास करणे. किरणनं आयुष्यात एकही रात्र अभ्यासासाठी जागवलेली नाही, मी त्याचा शिक्षक होतो, मला माहीत आहे. तो आता मुंबईच्या लोकांना फार्महाऊससाठी प्लॉट विकतो. डोंगर उतरणीला लागतो तिथं त्याचा बोर्ड सुरू होतो आणि नदी दिसेनाशी होते तिथं संपतो. त्याच्या वाक्प्रचाराखाली डझनावारी हात जोडलेले असतात. कुणी लिहितं, ‘सरांचे संस्कार.’ कुणी लिहितं, ‘ओल्ड इज गोल्ड.’ मी फोन उशीखाली ढकलतो.

हे सगळे माझे विद्यार्थी. माझ्या हातून घडलेले. त्यांना इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी वाक्प्रचार येतात. एखाद्या घरात गादी नाही, पलंग नाही, पण भिंतीला मोरपिसांचे पंखे टांगलेत, तशी त्यांची अवस्था. एकाची मुलगी रुसून माहेरी आली, तर त्यानं जावयाला इंग्रजीतून, शेजारी कुऱ्हाडीचं चित्र टाकून, मेसेज केला की आता ‘बरी द हॅचेट’. जावयानं कुऱ्हाडीचं चित्र बघितलं आणि तो वकिलाकडे गेला. ही गोष्ट ग्रुपवर सगळे हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. तो शब्दप्रयोग त्याला मीच पाठ करून घेतला होता, ‘भांडण मिटवणे’ एवढ्या दोन शब्दांत. तो कुणाला पाठवायचा आणि कुणाला नाही, हे मी सांगितलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

मी गद्रे. कर्जतच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. ‘वाक्प्रचारवाले गद्रे सर’ अशी माझी गावात ओळख आहे आणि ती शुद्ध फसवणूक आहे. हे मला मरायच्या आधी लिहून टाकायचंय, कारण एकदा बोलून पाहिलं आणि त्याचं काय झालं ते पुढं सांगतो.

माझी पद्धत साधी होती. डाव्या हाताला गाइड, उजव्या हाताला छडी. मी म्हणायचो, ‘टू बाइट द डस्ट!’ वर्ग ओरडायचा, ‘पराभूत होणे!’ ‘टू बीट अबाउट द बुश!’ ‘मुद्द्याचे सोडून बोलणे!’ पत्र्याच्या छपरावर आवाज आदळून परत यायचा. बाहेर काटेसावरीची जाड लाल फुलं धपाधप पडायची, ऊन खिडकीच्या गजांवरून सरकत फळ्यावर यायचं आणि आत आमचं हे कीर्तन. पालक व्हरांड्यात उभं राहून ऐकायचे आणि खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, एवढा आवाज होतोय म्हणजे आत विद्या चालली असणार. तपासणीला साहेब आले तरी तेच. मुलांनी एका श्वासात पाठ म्हटलं की साहेब मान डोलवायचे, कारण अर्थ त्यांनाही गाइडातलाच माहीत होता. धुराच्या वासानं अंगावरचा सदरा भरून आलेली कुणब्यांची पोरं मागच्या बाकांवर पेंगायची. त्यांनी पहाटे राब पेटवलेला असायचा. मी त्यांना उभं करून विचारायचो आणि ती चुकली की म्हणायचो, ‘जा, पाला जाळा, तुमचं तेच.’ हे वाक्य मी किती सहज बोलायचो! वर्ग हसायचा. ज्यांना बोललो तेही हसायचे, आणि ते हसणं मी माझ्या विनोदाला मिळालेली दाद समजायचो.

खालच्या वर्गांत सगळी मुलं एकत्र असायची, पण दहावीच्या दोन तुकड्या होत्या. ‘अ’मध्ये गावातली, डॉक्टरांची, दुकानदारांची, मास्तरांची मुलं. ‘ब’मध्ये खेड्यांतून चालत येणारी. ‘अ’ माझ्याकडे. ‘ब’ मुकादमांकडे.

हसन मुकादम. लोधिवलीचे. घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं, वडिलांचं चौकला किराणा मालाचं छोटं दुकान. रोज एसटीनं चौकमार्गे यायचे. माझ्यापेक्षा वयानं आणि नोकरीनं लहान. अक्षर असं की छापील वाटावं. शाळेत कुठलाही बोर्ड, प्रमाणपत्र, निमंत्रण असलं की ‘मुकादमांना द्या’ ठरलेलं. त्यांचा दुसरा कुठला उपयोग आहे असं मला कधी वाटलं नाही.

दोन्ही वर्गांच्या मध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं, त्याला फटी होत्या. माझा वर्ग पाठांतर करून दमला की पलीकडचं ऐकू यायचं. पलीकडे हसण्याचा आवाज असायचा. एकदा मी कान देऊन ऐकलं. मुकादम फळ्यावर ‘टू हॅव वन फूट इन द ग्रेव्ह’ लिहून थांबले होते. अर्थ सांगितला नाही. एक पाय कबरीत, एवढंच शब्दांचं मराठी केलं आणि विचारलं,

‘हे कोण बोलेल?’

एक मुलगी म्हणाली, ‘माजी आजी बोलंल, सर.’

‘कुणाला?’

‘आज्याला!’

वर्ग फुटला. मुकादम म्हणाले, ‘थांबा रे. आज्याला राग येईल का?’

‘नाय सर. आजा हसंल. बोलंल, तुजा बी एक आत हाय गं.’

‘आणि तुझा काका बोलला तर?’

मागून एक पोरगा म्हणाला, ‘काका बोल्ला तर आजा काठी घेल, सर. त्यो जमिनीवर डोला ठेवून बोलतोय.’

‘मग झालं,’ मुकादम म्हणाले, ‘आता कळला अर्थ. म्हातारपण हा त्याचा अर्धाच अर्थ आहे. उरलेला अर्धा बोलणाऱ्याच्या तोंडात असतो.’

प्रत्येक वाक्प्रचाराला त्यांचे हे तीन प्रश्न. कोण बोलेल, कुणाला बोलेल, ऐकणाऱ्याला राग येईल का. तासाला जेमतेम दोन वाक्प्रचार व्हायचे. मी त्याच वेळात पाटीभर उरकायचो. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगितलं की पलीकडे इंग्रजीच्या तासाला गावठी बोलणं चालतं, हाय-नाय चालतं, पोरं खिदळतात. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बघतो.’ मला त्या पद्धतीचा तिरस्कार का वाटायचा, हे आता सांगता येतं. ते तीन प्रश्न मला कुणी विचारले असते तर एकाही वाक्प्रचाराचं उत्तर मला देता आलं नसतं.

त्या वर्षी, म्हणजे पस्तीसेक वर्षांपूर्वी, परीक्षा तोंडावर असताना संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार ठरला. अध्यक्षांचं नाव लिहीत नाही. ते गेले, नातवंडं इथंच आहेत, त्यांनी काही केलेलं नाही. शाळेच्या नव्या इमारतीसाठी त्या वर्षी सिमेंट आलं, सळया आल्या, पाया खणून झाला आणि काम थांबलं. पावसाळ्यात ‘ब’च्या वर्गात जशा बादल्या ठेवाव्या लागायच्या तशाच राहिल्या. त्याच वर्षी भिसेगावात अध्यक्षांचा बंगला उभा राहिला. वास्तुशांतीला मीही जेवून आलो. पायाखाली गुळगुळीत फरशी, खिडक्यांना जाळीचे पडदे, बैठकीत पाय बुडेल असा गालिचा. मी भारावून गेलो होतो. कुणाच्या पैशानं, हा प्रश्न मला पडला नाही असं म्हणणं खोटं होईल. पडला होता, मी बासुंदीची दुसरी वाटी घेतली.

मानपत्र इंग्रजीत पाहिजे, असं ठरलं. प्रमुख पाहुणे भिवपुरीच्या वीजकेंद्रातले निवृत्त इंजिनियर होते, त्यांच्यासमोर शाळेची शान दिसली पाहिजे. मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. मी गाइड उघडलं आणि शोभिवंत वाक्प्रचार वेचायला बसलो. तिथं मला ‘टू फेदर वन्स ओन नेस्ट’ सापडला. गाइडात अर्थ होता, ‘आपले घर सुखसंपन्न करणे.’ पिसं लावून मऊ केलेलं घरटं! मला तो गालिचा आठवला. मी लिहिलं की संस्थेची इतकी वर्षं सेवा करत असतानाच माननीय अध्यक्षांनी आपलं घरटंही पिसांनी सजवलं आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवून स्वतःशी हसलो होतो. असं वाक्य आपल्या हातून उतरलं, याचा मला अभिमान वाटला होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्रजीत हे वाक्य कौतुकानं म्हणत नाहीत. ज्याच्या हाती लोकांचा पैसा सोपवलाय आणि जो त्यातून गुपचूप स्वतःचं घर भरतोय, त्याच्याविषयी म्हणतात.

मुकादमांकडे मजकूर सुवाच्य लिहायला दिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. मी डबा खात होतो. ते उभेच राहिले.

‘सर, हे घरट्याचं वाक्य ठेवायचं का?’

‘का? काय झालं?’

‘हे कोण म्हणेल सर? ज्याचा पैसा गेलाय तो म्हणेल.’

मी भाजीचा घास तोंडात घालून, सावकाश चावून, मग बोललो. स्टाफरूममध्ये बाकीचे ऐकत होते, म्हणून जरा जोरातच. ‘मुकादम, तुम्ही अक्षर काढा. इंग्रजी आमच्यावर सोडा.’

बाकीचे हसले. मुकादमांनी कागदाची घडी केली. ‘काढतो, सर. पण मी तुम्हाला सांगितलंय,’ एवढं म्हणून गेले.

स्टाफरूमच्या कपाटात मोठा शब्दकोश होता. किल्ली माझ्याच खिशात असायची. मी डबा धुतला आणि तासाला गेलो.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. मांडवाखाली उकडत होतं, पलीकडच्या शेतातून राबाचा धूर येत होता आणि अध्यक्षांच्या सौभाग्यवती रुमालानं नाक झाकून बसल्या होत्या. मानपत्र मी वाचलं. माझे उच्चार चांगले आहेत, सगळे म्हणतात. घरट्याच्या वाक्यावर मी थोडा थांबलोसुद्धा, त्याची गोडी श्रोत्यांना लागावी म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिवपुरीच्या क्वार्टर्समधून आलेल्या मंडळींत मात्र खसखस पिकली. मग ते निवृत्त इंजिनियर बोलायला उठले आणि म्हणाले, ‘असं प्रामाणिक मानपत्र मी आजवर ऐकलं नव्हतं.’ क्वार्टर्सची मंडळी आता मोकळेपणानं हसली. चहाच्या वेळी अध्यक्षांच्या पुतण्यानं त्या इंजिनियरांना गाठून अर्थ विचारला. मी लांबून बघत होतो. पुतण्याचा चेहरा बदलला, तो काकांकडे गेला, काकांच्या कानाशी लागला. काकांच्या हातातला पेढा पुन्हा ताटात गेला.

सकाळी शाळा उघडल्याबरोबर मी कपाट उघडलं. शब्दकोशात सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. मी पान मिटलं, कपाटाला कुलूप लावलं. त्यामुळं त्यानंतर जे झालं ते माझ्या अज्ञानाच्या खात्यात टाकता येत नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत अध्यक्ष बसले होते. टेबलावर फ्रेम केलेलं मानपत्र. मी आणि मुकादम उभे. ‘हे कुणी लिहिलं?’ अध्यक्षांनी विचारलं. मुख्याध्यापक माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘अक्षर मुकादमांचं आहे.’ मजकूर कुणाचा हे त्यांना माहीत होतं. स्टाफरूममधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मुकादम म्हणाले, ‘हो साहेब. अक्षर माझं आहे.’

आणि ते थांबले. पुढचं वाक्य माझं होतं. त्यांनी मला त्यासाठी जागा करून दिली होती, वेळही दिला. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो. तो बंद होता.

मग अध्यक्षच बोलले. ‘गद्रे सरांसारखा इंग्रजीचा माणूस अशी चूक करील का? हे मुद्दाम केलेलं आहे.’ बाजूला बसलेल्या संस्थेच्या एका सभासदानं मुकादमांच्या धर्मावरून एक वाक्य टाकलं. ते मी इथं लिहिणार नाही. तेही मी ऐकून घेतलं. मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षा मला दुसऱ्याला हरामखोर ठरवलेलं चाललं.

दोन दिवसांत मुकादमांची बदली खालापूर तालुक्यातल्या संस्थेच्या एका लहान शाखेत झाली. तिथं पाचवीपर्यंतच वर्ग होते. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. मुलांना मुळाक्षरं गिरवायला दिली, गणपतीच्या मखरावर नावं रंगवून दिली. दहावीचा वर्ग त्यांना पुन्हा कधी मिळाला नाही.

‘ब’ तुकडी माझ्याकडे आली. मी पार्टिशन काढायला लावलं, दोन्ही वर्ग एकत्र बसवले, छडी आपटली. ‘टू फेदर…’ असं तोंडात आलं आणि मी ते पान उलटलं. पहिल्याच दिवशी आजा-आजीवाली ती मुलगी उभी राहिली. ‘सर, आमचं सर कवा येनार?’

‘येणार नाहीत.’

‘मंग आमी कुनाला इचारायचं?’

‘विचारायचं काही नाही. पाठ करायचं,’ मी म्हणालो.

त्या वर्षी ‘ब’चा निकाल पडला. तोही मुकादमांच्या नावावर लागला. त्यांनी वर्षभर पोरांना हसवलं, असं सगळे म्हणू लागले, आणि म्हणताना माझ्याकडे सहानुभूतीनं बघू लागले. मी पुढं घरी क्लास काढला. क्लास तुफान चालला. गावाला कधीच शंका आली नाही, कारण गावाला इंग्रजी समजून घ्यायचंच नव्हतं, फक्त मुलांच्या तोंडून ऐकायचं होतं. स्टेशनजवळ आज इंग्रजी बोलायला शिकवणारी दुकानं निघालीत. पाटीवर टाय लावलेल्या तरुणाचं चित्र असतं. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, तरी ठेवतो. ती सगळी माझीच पिल्लं आहेत.

मुकादमांचं नाव कर्जतमध्ये एक गंमत म्हणून उरलं. कुणी सत्कारात वेडंवाकडं बोललं की लोक म्हणतात, ‘अरे, मुकादम करू नको.’ पन्नाशीची माणसं म्हणतात, त्यांची मुलंही म्हणतात. मुकादम कोण, हे मुलांना माहीत नाही.

यंदा फेब्रुवारीत किरण आणि दोघे जण माझ्याकडे आले. माझा सत्कार ठरवून आले होते. कार्यालय बुक झालेलं. बॅनरचा नमुना फोनवर दाखवला, त्यावर माझ्या डोक्यामागं सूर्याची किरणं होती.

‘सर, मानपत्र इंग्रजीत केलंय. फोननंच लिहून दिलं, एका मिनिटात! वाक्प्रचार ठासून भरायला सांगितले. तुम्ही एकदा नजर टाका.’

‘तुला कळलं का काय लिहिलंय?’

‘सर, कळायला कशाला पाहिजे? भारी वाटतंय ना!’ मग तो मित्राला कोपर मारून म्हणाला, ‘फक्त मुकादम व्हायला नको म्हणजे झालं.’

तिघे खदखदून हसले. मी त्यांना चहा दिला. त्यांच्याकडे बघताना मला त्यांची घृणा आली आणि ती थेट माझ्यापर्यंत येऊन पोचली, कारण हा विनोद मीच जन्माला घातला होता आणि इतकी वर्षं गप्प बसून पोसला होता. मी ठरवलं, सत्कारातच सांगायचं. सगळे असतील, माइक असेल.

आणि मी सांगितलं. शाल घेतली, नारळ घेतला, माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘अध्यक्षांच्या मानपत्रातलं ते वाक्य मुकादम सरांचं नव्हतं. माझं होतं. त्यांनी मला आधी सांगितलं होतं. मी गप्प राहिलो.’

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. शिव्या देईल. मी तयारीनं गेलो होतो. तेवढ्यात किरण धावत आला, त्यानं माझ्या हातातला माइक घेतला आणि गहिवरून म्हणाला, ‘बघितलंत? हा सरांचा मोठेपणा! दुसऱ्याची चूकसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतात! असे गुरू आता मिळत नाहीत!’

टाळ्यांचा पाऊस पडला. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. मी ‘नाही, नाही’ म्हणालो, तेही विनयात जमा झालं. शाल घसरत होती, ती कुणीतरी सावरली. मी माइक परत मागायला हवा होता. ओरडायला हवं होतं. मी खुर्चीवर बसलो. पुन्हा एकदा.

चार दिवसांनी मी लोधिवलीला गेलो. कर्जतहून चौकच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळे पडलेले राबाचे तुकडे आणि मधेमधे प्लॉटच्या कुंपणांचे पांढरे खांब. जुन्या हायवेवर उतरून चालत गेलो. मुकादम ओटीवर खाटेवर बसले होते. खूप वाळलेत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

‘या, गद्रे सर. रेहाना, पाणी आण गं.’

रेहाना त्यांची थोरली मुलगी. पाणी ठेवून ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मी कशासाठी आलोय ते बोलायला लागलो, तर तिनं मधेच थांबवलं. ‘तुमचं भाषण ऐकलं मी. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं. टाळ्या चांगल्या पडल्या.’

‘रेहाना,’ मुकादम म्हणाले.

‘नाय बाबा, बोलू दे. मी त्या वर्षी आठवीत होते सर, तुमच्याच शाळेत. बाबांची बदली झाल्यावरही तिथंच होते. पोरं मला बघून काय म्हणायची, ते तुम्हाला व्हरांड्यातून ऐकू यायचं. तुम्ही एकदा हसला होतात.’

मला ते आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलत नव्हती.

‘माफी मागायला आलो,’ मी म्हणालो.

मुकादमांनी लुंगीची कड चिमटीत धरून सरळ केली. मग म्हणाले, ‘मला थोर बिर करू नका, सर. मीही तिथं बोलू शकलो असतो, गद्रे सरांचा मजकूर आहे म्हणून. दोन पोरी होत्या, आई अंथरुणावर होती, भ्यालो. तुम्ही बोलाल असं वाटलं, एवढंच. त्या पोरांचं मात्र वाईट झालं. परीक्षा तोंडावर होती.’

‘काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो.’

त्यांनी लेकीकडे बघितलं. ती म्हणाली, ‘लिहून द्या. भाषण नको. छापून येईल असं लिहा, आणि मराठीत लिहा. सरळ. कुणाला दुसरं काही समजता येणार नाही असं. बाबांचं नाव लिहा, “एक सहकारी” नको. आणि शेवटी स्वतःचं कौतुक करू नका, म्हणजे पुन्हा टाळ्या पडणार नाहीत.’

‘छापून आल्यावर मला वाचून दाखव,’ मुकादम तिला म्हणाले. ‘बारीक अक्षर आता दिसत नाही.’

तर रेहानाबाई, वडिलांना इथून पुढचं वाचून दाखवा. बाकीचं गाळलंत तरी चालेल.

त्या मानपत्रातला सगळा मजकूर माझा होता. घरट्याचं वाक्य मी लिहिलं, त्याचा अर्थ न समजता लिहिलं. हसन मुकादम यांनी मला सर्वांसमोर सावध केलं, मी त्यांचा अपमान केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला अर्थ कळला होता, तरी मुख्याध्यापकांच्या खोलीत मी गप्प राहिलो. ‘ब’ तुकडीचा निकाल माझ्या शिकवण्यामुळं पडला. मुकादम यांना इंग्रजी येत होतं, मला येत नव्हतं. सत्कारात मी हे बोललो तो मोठेपणा नव्हता, ते खरं होतं.

— गद्रे, भिसेगाव, कर्जत